मेहुण्याच्या हातातला दोर

पैसे मोजून कड्याला लटकून झोपायला लोक येतात, हे आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांची सगळी हयात त्याच कड्यावर लटकण्यात गेली होती, पण ती मधासाठी. आग्या मोहळाची पोळी आडकड्याच्या पोटाशी असतात आणि ती काढायला दोरावरून उतरावंच लागतं. काम झालं की माणूस वर येतो आणि मुकाट घरी जातो. तिथंच रात्र काढायची, वर पैसेही आपणच द्यायचे, म्हणजे शहरातल्या लोकांचं डोकं फिरलं असणार, असं त्यांचं मत. मला मात्र ते लोक कधी वेडे वाटले नाहीत, कारण त्यांची भीती मी रोज पडद्यावर बघत होते.

तेच माझं काम होतं. बारावी सायन्स झालेली वाडीत मी एकटीच, म्हणून ‘निर्भय’ कंपनीनं मला माथ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत बसवलं. खाली कड्याला टांगलेल्या झोळीत झोपलेल्या माणसाच्या कपाळावर पट्टी असायची आणि तिच्यावरून माझ्या पडद्यावर एक रेघ यायची. रेघ उसळली की माणूस घाबरलाय, सपाट झाली की निवांत. सकाळी गिऱ्हाईक हसत वर यायचं, फोटो काढायचं, आमच्याकडचा मध विकत घ्यायचं आणि जायचं. वर्षभर मला हे काम फार पुण्याचं वाटलं.

यातलं शास्त्र मला डॉ. मृणाल गुप्ते यांनी समजावलं. झोळीत झोपताना डोक्यावर चढवायची, भीती घालवणारी टोपी त्यांनीच शोधलेली. बाई बोलायला सरळ होत्या, चहा पीत पीत सांगायच्या.

“मेंदूत बदामाएवढी एक गाठ असते, रंजना. भीती तिथं साठते. पण साठलेली भीती काही दगड नसते. माणूस घाबरला की ती मळलेल्या कणकेसारखी मऊ होते, काही तास मऊच राहते आणि झोपेत पुन्हा घट्ट होते. ती घट्ट व्हायच्या आत मी टोपीतून त्या गाठीवर ध्वनीचे बारीक ठोके देते. कानाला ऐकूही येत नाहीत. सकाळी आठवण सगळी असते, फक्त धडधड नसते.”

“मग कडा कशाला? दवाखान्यात नाही का होत?”

“करून पाहिलं. चित्रं दाखवली, चष्म्यातून खोट्या दऱ्या दाखवल्या. डोळे फसतात गं, पण शरीर फसत नाही. आपण खरंच मरू शकतो हे त्याला पटल्याशिवाय ती गाठ पुरती उघडत नाही. आणि एकदा उघडली, की उंचीच्या भीतीबरोबर माणसानं घरून आणलेली भीतीही मऊ होते.”

म्हणून लोक घरून आपापली भीती घेऊन यायचे. कुणाची परीक्षेची, कुणाची ऑपरेशनची, कुणाची नवऱ्याची. एक रात्र लटकायचे आणि ती इथं टाकून जायचे.

कंपनीनं आमचा एक रिवाजही उचलला. आमच्याकडे मधाला उतरणाऱ्याचा दोर त्याचा मेहुणाच धरतो. सख्खा भाऊ नाही, कारण भावाचा जमिनीत वाटा असतो. बायकोचा भाऊ दोर सोडणार नाही, त्याला बहिणीच्या कपाळावरचं कुंकू दिसत असतं. कंपनीनं दोराऐवजी लोखंडी रहाट आणला, त्याला मोटर लावली, पण वाडीतले गडी मेहुण्याशिवाय खाली उतरेनात. मग रहाटाचा हातब्रेक धरायला मेहुणा ठेवला आणि जाहिरातीत लिहिलं, ‘तुमचा दोर मेहुण्याच्या हाती’. शहरातल्या लोकांना ते भलतंच आवडलं.

गिऱ्हाइकाबरोबर झोळीत एक सोबती झोपायचा. माझा नवरा नामा सोबती होता आणि त्याचा ब्रेक माझा धाकटा भाऊ किसन धरायचा.

नामा भित्रा होता, हे मी लाजून सांगत नाही. त्याचा बाप त्याच कड्यावरून मधासकट खाली गेला, तेव्हापासून त्याला दोर बघितला तरी घाम फुटायचा. मला ताप आला तर तो माझ्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे का बघत बसायचा. साप दिसला की आधी मला उचलायचा आणि मग स्वतः ओरडायचा. वाडी त्याला हसायची. मला तो फार आवडायचा, त्या भीतीसकट आवडायचा. पगार चांगला म्हणून तो सोबती झाला आणि पहिल्याच सकाळी वर आला तेव्हा बापाचं नाव घेऊन हसला. त्या दिवशी आम्ही दोघं रडलो. डॉ. गुप्तेबाईंच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

गिऱ्हाईक एकच रात्र टोपी घालतं. सोबती रोज घालतो. शेजारी दुसरा माणूस कण्हत असेल तर गिऱ्हाइकाला झोप कशी लागणार, म्हणून त्यालाही टोपी. एकदा भीती गेली की पुढचे ठोके फुकट जातात, त्यांनी अपाय नाही, असा बाईंचा हिशेब होता. तो चुकला. माणूस दिवसभरात थोडं थोडं नवं भय जमा करत असतो. चुलीचं, पोलिसाचं, देवाचं, बायकोच्या डोळ्यांतल्या पाण्याचं. नामाचं ते रोजच्या रोज पुसलं जात होतं.

आधी कळलं जीपवाल्या रोहिदासवरून. त्यानं जीप मागे घेताना नामाच्या चपलेवर चाक घातलं. नामानं त्याची बोटं जीपच्या दारात ठेवली आणि दार लावलं. मग उघडलं, आणि पुन्हा लावलं. हे मला त्यानं जेवताना सांगितलं, आवाज न चढवता.

“दोनदा कशाला?” मी विचारलं.

“पैल्या टायमाला अंगठा ऱ्हायला व्हता,” तो म्हणाला आणि कालवण मागितलं.

रागावलेल्या माणसाशी कसं वागायचं हे बाईमाणसाला आईच्या पोटातूनच ठाऊक असतं. गप्प बसायचं, वाट बघायची, राग उतरतो. नामाला राग येतच नव्हता, मग उतरणार काय? मी पडद्यावर त्याची रेघ बघायचे. झोळीत असो, वर असो, ती आता आखल्यासारखी सरळ असायची.

मी त्याला म्हटलं, “ही नोकरी सोडा. मी राबते, आपलं भागेल.” तीन-चार दिवस हेच म्हटलं. एका सकाळी त्यानं माझा उजवा हात धरला, उंबऱ्यावर ठेवला आणि वरवंटा घातला. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली.

“सारखं सारखं त्येच बोलतीस,” तो म्हणाला. “आता नाय बोलणार.”

मग त्यानं हळद लावली, गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं आणि वाटेत खड्डा आला की गाडी हळू केली. त्याचं माझ्यावर प्रेम होतं. हे मला आजही खरं वाटतं आणि म्हणूनच त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

किसन धावत आला तो कोयता घेऊनच. नामा ओट्यावर बसून दाढी करत होता. किसन त्याच्या समोर उभा राहिला आणि त्याचा हात असा कापायला लागला, की कोयता त्याच्याच पायावर पडला. अंगठ्याच्या बाजूनं रक्त आलं. नामानं आरशातून बघितलं आणि म्हणाला, “धुऊन घे, माती जाईल.” किसन अंगणात बसून पोरासारखा रडला. मी आतून बघत होते. माझ्या भावाच्या हातून खून झाला नाही म्हणून मला इतकं बरं वाटलं, की हाताची कळ थोडा वेळ विसरले. माझी दोन्ही माणसं जिवंत राहिली पाहिजेत, एवढंच माझं मागणं होतं.

प्लास्टरमधला हात घेऊन मी डॉ. गुप्तेबाईंकडे गेले. त्यांनी नामाच्या रेघा एकेक करून बघितल्या.

“माझं चुकलंय,” त्या म्हणाल्या. “हंगाम संपला की त्याला थांबवते.”

“आज थांबवा.”

“आज थांबवलं तर वर काय सांगू? त्याच्याइतका शांत सोबती कंपनीकडे दुसरा नाही.” मग माझ्या हाताकडे न बघता म्हणाल्या, “तू आठवडाभर माहेरी जा.”

मी गेले. तेवढ्यात काय घडलं ते मला नंतर कळलं. किसनचा हात ब्रेकवरही कापायला लागला होता. कापऱ्या हाताचा माणूस ब्रेकवर चालत नाही. किसन स्वतःच बाईंकडे गेला आणि म्हणाला, मलाबी टोपी द्या. आणि त्यांनी दिली. एक रात्र नाही, मी परत येईपर्यंत रोज.

मी कामावर परतले त्या संध्याकाळी झोळीत जायला सुलभा मोडक नावाच्या बाई आल्या होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, केस पांढरे, पायात नवेकोरे बूट. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन करायचं होतं आणि दोनदा त्या टेबलावरून उठून पळाल्या होत्या. पट्टी बांधताना मला म्हणाल्या, “नवरा म्हणतो, कड्यावर लटकायला तयार आहेस आणि गुंगीच्या इंजेक्शनला घाबरतेस. आता ह्याला काय सांगू?” माझ्या प्लास्टरकडे बघून विचारलं, “पडलीस?”

“हो,” मी म्हटलं.

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना पटलं नाही हे मला दिसलं.

ऊन उतरत होतं. नामा त्यांना घेऊन झोळीत बसला, त्यांचा पट्टा झोळीच्या कडीला अडकवला. स्वतःचा अडकवला नाही. तो आता अडकवतच नसे. किसननं मोटर चालू केली आणि झोळी माथ्याच्या खाली सरकली. मी खोलीत येऊन पडद्यासमोर बसले. मोडकबाईंची रेघ थुईथुई नाचत होती. नामाची सरळ. ब्रेकवाल्यालाही पट्टी असते, त्याची रेघ सगळ्यात खाली उमटते. मी तिकडं बघितलं, आणि तीही सरळ होती.

माझ्या भावाची रेघ कधीच सरळ नसायची. तो दोर धरायचा तेव्हा ती सतत थरथरायची आणि त्या थरथरीवरच नामाचा जीव टांगलेला असायचा. आमच्या वाडवडिलांना वाटलं, मेहुणा मायेनं दोर धरतो. तो मायेनं धरत नाही, भीतीनं धरतो. बहीण रांडाव होईल या भीतीनं. ती भीती काढून घेतली तर नुसती माया उरते, आणि बहिणीचा हात उंबऱ्यावर ठेचणाऱ्याचा दोर नुसती माया कशाला धरून ठेवेल?

मी बाहेर पळाले.

किसन रहाटापाशी उभा होता. मोटर बंद होती. दात्यात पडून रहाट आपोआप अडवणारी लोखंडी खिट्टी त्यानं उचलून तारेनं बांधून ठेवली होती. झोळी आता नुसती त्याच्या हातातल्या ब्रेकवर होती.

“किसन, खिट्टी सोड.”

“तू आत जा, अक्का.”

“खाली ती बाई हाये.”

“हाये की,” तो म्हणाला. “रोज कुनीतरी असतंच. मी लय इचार केला. दाजी एकला कव्हाच नसतो झोळीत.”

“अरे, तिनं तुपलं काय केलंय?”

“काय नाय केलं.” त्यानं खरंच थोडा विचार केला. “चांगली वाटली मला ती. पर तुपला हात मोडला, उद्या मान मोडंल. एक बाई का दुसरी बाई, येवढंच हाये.”

हे बोलताना त्याचा चेहरा नेहमीसारखा होता. मी त्याच्या अंगावर गेले. डाव्या हातानं ब्रेकची दांडी धरली, त्याच्या मनगटाला चावले, तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. त्यानं दुसऱ्या हातानं माझ्या कानावर मारलं. मग पुन्हा मारलं, तोलून, लाकूड फोडावं तसं. मी खाली पडले. त्यानं दांडी सोडली.

रहाट गरगर सुटला. खालून मोडकबाईंची किंकाळी आली. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. मी गुडघ्यावर उठले आणि प्लास्टरचा हात रहाटाच्या दात्यांत घातला.

प्लास्टर फुटलं, मग आतलं सगळं फुटलं. दाते कोपरापर्यंत चढले आणि तिथं अडकले. रहाट थांबला. मी किती ओरडले मला माहीत नाही, पण वाडीपर्यंत ऐकू गेलं असं नंतर सांगतात. किसन बाजूला उभा राहून बघत होता. मग त्यानं माझा खांदा धरला आणि हात ओढून काढायला लागला.

“ओढू नकोस. ती पडंल.”

“तुपला हात जाईल, अक्का.”

“जाऊ दे. ओढू नकोस.”

तेवढ्यात कड्याच्या काठावर नामाचं डोकं दिसलं. झोळी फार खाली गेली नव्हती. मधासाठी ठोकलेल्या जुन्या लोखंडी कड्या धरून तो वर चढून आला होता. कपाळ फुटून एक डोळा रक्तानं मिटला होता. त्यानं बांधलेली खिट्टी बघितली, माझा हात बघितला आणि किसनकडे बघितलं. त्याला सगळं कळलं. त्यानं शेजारचा लोखंडी हँडल उचलला.

मारामाऱ्या मी पुष्कळ बघितल्यात. माणसं शिव्या देतात, मागं सरतात, कुणीतरी सोडवावं म्हणून आडून बघतात. या दोघांत तसलं काही नव्हतं. हँडल किसनच्या तोंडावर बसला, दात पडले, तो तसाच पुढं आला. त्यानं नामाच्या मिटलेल्या डोळ्यात अंगठा घातला. नामानं त्याच्या गुडघ्यावर हँडल मारला, पाय उलटा वळला. किसन खाली पडून त्याच्या पोटरीला चावला. कुणी ओरडलं नाही. दोघांचा श्वास आणि लोखंडाचा आवाज, एवढंच ऐकू येत होतं. काठ दोन पावलांवर होता आणि दोघांतल्या एकानंही त्याच्याकडे बघितलं नाही.

नामानं किसनला काठाकडे ओढत नेलं. किसननं पडल्या पडल्या चांगला पाय वर घेतला आणि त्याच्या पोटात लाथ घातली. नामा मागं गेला, त्याच्या टाचेखालचा दगड सुटला आणि तो छातीपर्यंत कड्याखाली गेला. कोपरं काठावर टेकलेली, बोटं गवतात. माझ्यापासून एका हातावर.

“रंजे,” तो म्हणाला. “हात दे.”

माझा डावा हात मोकळा होता. अंगात इतकी भीती होती, की दात वाजत होते. पडण्याची नाही, माझ्या हाताचीही नाही. तो वर येईल, मला घरी नेईल, हळद लावेल आणि उंबऱ्याशी बसेल, ही भीती. मी हात छातीशी धरून ठेवला.

त्यानं ते बघितलं. रागावला नाही, घाबरलाही नाही. दात्यांत अडकलेल्या माझ्या दुसऱ्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं.

“लय लागलं का गं?” त्यानं विचारलं.

मग गवत उपटलं आणि तो गेला.

किसन सरपटत आला. मला वाटलं, आता हा माझा हात तोडेल आणि झोळी सोडेल. पण त्याला आता त्याची गरज नव्हती. “आता त्या बाईला वर घ्याला काय हरकत नाय,” असं म्हणून त्यानं मोटर उलटी फिरवली. दाते मागं सरले, माझा हात सुटला. मोडकबाई वर आल्या तेव्हा शुद्धीत होत्या. माथ्यावर पाय टेकताच त्यांनी आपला स्कार्फ सोडला आणि माझ्या दंडाला करकचून बांधला. त्यांचे हात लटलट कापत होते, गाठ तीनदा सुटली, तरी बांधली.

कोपराखालचा हात काढावा लागला. कंपनीच्या वकिलानं रहाटात बिघाड झाल्याचं सांगून किसनला जामीन मिळवला. मोडकबाईंनी जबाब दिला, तो चौकशीत पडून आहे. त्यांचं ऑपरेशन झालं. “भूल देईपर्यंत मी नर्सचा हात सोडला नाही,” असं त्यांनी फोनवर सांगितलं. आडकडा बंद पडला नाही. बातमी आली तशी बुकिंगची रांग लागली.

काल डॉ. गुप्तेबाई आल्या होत्या. दवाखान्यात माझ्या खाटेशी उभ्या राहून रडल्या. म्हणाल्या, “तू रात्री ओरडत उठतेस असं कळलं. एकच रात्र, रंजना. मी स्वतः ठोके मोजीन. नामा आठवेल, सगळं आठवेल. फक्त धडधड जाईल.”

सगळं आठवणाऱ्या आणि आत काहीच न हलणाऱ्या माणसाबरोबर मी राहिले होते. मी नको म्हटलं.

आज किसन आला. काठी टेकत, तोंडात दात नाहीत, पण चेहरा प्रसन्न. त्यानं मोसंबी आणली होती. सोलून एकेक फोड माझ्या डाव्या हातात दिली.

“अक्का, तू दाजीला हात दिला नाहीस,” तो म्हणाला. “मला वाचावलंस.”

“तुला वाचवायला नाही,” मी म्हटलं. “मला त्याच्याबरोबर घरी जायचं भ्या वाटलं.”

“असं व्हय.” त्यानं मान डोलावली, जसं काही मी मोसंबी आंबट आहे म्हटलं. मग खाटेच्या कडेला बसला आणि माझ्या पांघरुणावरून हात फिरवला. “बाईंनी मला सांगितलं, तू टोपीला नाय म्हनतीस. येडी का तू? किती हलकं वाटतं म्हाईत हाये का. एक रात झोप झोळीत. ब्रेकवर मी ऱ्हाईन की.”

त्याच्या डोळ्यांत माया होती. मी त्या डोळ्यांत थोडी तरी थरथर दिसते का बघितलं. मग मोसंबीची फोड खाली ठेवली आणि नर्सला हाक मारली. म्हटलं, माझ्या भावाला बाहेर न्या आणि त्याला परत आत सोडू नका.